फुलदाणी उलटी करून बघायची सवय

आज आम्ही दोघं अमेरिकेतल्या सिनसिनाटीजवळच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात गेलो होतो. वांगी निवडावीत तशी मी तिथली प्रत्येक फुलदाणी उलटी करून बघते. रूकवूड हा सिनसिनाटीचा जुना, नावाजलेला मातीच्या भांड्यांचा कारखाना; त्याच्या भांड्यांची कुंडली तळाशीच लिहिलेली असते! जोडलेली आर-पी अक्षरं आणि भोवती ज्वाळा. १८८६ नंतर दरवर्षी एक ज्वाळा वाढवत १९०० पर्यंत १४ झाल्या. १९०१ पासून खाली वर्षाचे रोमन आकडे.

आज हाती आली ती रोमन अकराची, म्हणजे १९११ ची. वेलम झिलई (मंद, धूसर चकाकीची), धुक्यातून दिसावीत तशी तळ्याकाठची झाडं, चित्रकाराची आद्याक्षरं. हात थरथरलेच. मग बोटाला लागली घासायच्या चाकावर कोरलेली फुली. म्हणजे कारखान्यानेच तेव्हा दुय्यम ठरवलेला नग. दोष शोधायला अर्धा तास गेला. सापडला काय, तर काठाजवळ झिलईत एक बारीकसा बुडबुडा! दुकानदार आजोबांनी फुलीचा विषय काढलाच नव्हता. मी दाखवल्यावर हसले आणि भाव उतरवला.

गाडीत बसल्यावर नवरोबा म्हणाले, "एवढे मोजलेस, आता फुलं तरी ठेवशील?"

छे! झिलईला केसासारखे तडे आहेत, पाणी मुरलं की डाग पडायचा. सध्या ती पुस्तकांच्या कपाटात, मांजरापासून लांब.