एका एरर मेसेजचा माग

ऑफिसातली नवी मंडळी अधूनमधून विचारतात, "एलएलव्हीएमचा सोर्स वाचायला सुरुवात कुठून करू?" माझं उत्तर ठरलेलं असतं: वाचू नकोस. एलएलव्हीएम म्हणजे कंपायलर बनवायचं साहित्य, लाखो ओळींचा पसारा आहे. 2019 पासून तर क्लँग (सी, सी++ चा कंपायलर), एलएलडी (लिंकर), एलएलडीबी (डीबगर) सगळी भावंडं एकाच रेपोत नांदतात. पहिल्या फाइलपासून वाचायला बसलास तर रिटायर होशील. त्यापेक्षा एक एरर मेसेज पकड आणि तो कुठून आला ते शोध.

त्याआधी बिल्ड. पूर्ण डीबग बिल्ड लावू नये. लिंकिंगच्या वेळी सगळी रॅम खाऊन लॅपटॉप आडवा होतो. रिलीज बिल्ड, असर्शन्स (कोडमधल्या आतल्या तपासण्या) चालू, टार्गेट फक्त एक्स86, लिंकर एलएलडी, आणि एका वेळी एकच लिंक जॉब. डीबगरमध्ये ओळींचे नंबर मिळत नाहीत, पण फंक्शनांची नावं मिळतात, आणि आपल्याला तेवढीच हवीत.

आता सी मधलं चार ओळींचं फंक्शन लिही आणि शेवटी 'रिटर्न एकूण' म्हण, 'एकूण' कुठेही डिक्लेअर न करता. क्लँग ओरडतो: 'यूज ऑफ अनडिक्लेअर्ड आयडेंटिफायर'. हेच शब्द गिट ग्रेपला (सोर्समध्ये शब्द शोधणाऱ्या कमांडला) दे. व्हेरिएबलचं नाव त्यात घेऊ नकोस, कारण सोर्समध्ये त्या जागी नुसतं टक्का-शून्य आहे. मेसेज सापडतो तो सी++ च्या फाइलीत नाही, टेबलजेनच्या (याद्यांतून कोड तयार करणाऱ्या साधनाच्या) टीडी फाइलीत. शेजारी त्याचं अंतर्गत नाव असतं: एर-अनडिक्लेअर्ड-व्हार-यूज.

टीडी फाइलींपासून बिल्डच्या वेळी आयएनसी फाइली तयार होतात आणि त्या बिल्ड फोल्डरमध्ये पडतात. एखादं नाव वापरलेलं दिसतंय पण त्याची व्याख्या सोर्समध्ये कुठेच नाही, असं झालं की आधी तिकडे बघायचं. जीसीसी या दुसऱ्या कंपायलरवालेही यात मागे नाहीत; त्यांच्याकडे मशीन डिस्क्रिप्शनच्या एमडी फाइलींतून कोड जन्माला येतो.

ते अंतर्गत नाव पुन्हा ग्रेप केलं की सेमाच्या (अर्थ तपासणाऱ्या भागाच्या) फोल्डरमध्ये डायग्नोस-एम्प्टी-लुकअप हे फंक्शन हाती लागतं. जीडीबी या डीबगरमध्ये त्यावर ब्रेकपॉइंट लाव आणि क्लँगला सीसी1 मोडमध्ये चालव, कारण नुसता क्लँग हा ड्रायव्हर (बाकीच्यांना हाक मारणारा) असतो, खरा कंपायलर सीसी1. थांबला की बॅकट्रेस (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्याची यादी) काढ आणि तो खालून वर वाच: मेन, मग सीसी1-मेन, पार्स-एएसटी, पार्स-टॉप-लेव्हल-डिक्ल, बऱ्याच पायऱ्यांनंतर पार्स-रिटर्न-स्टेटमेंट, पार्स-कास्ट-एक्सप्रेशन, मग अॅक्ट-ऑन-आयडी-एक्सप्रेशन आणि शेवटी आपलं फंक्शन. हा एक बॅकट्रेस कागदावर उतरवून घेतला तर क्लँगच्या पुढच्या अर्ध्या भागाचा (फ्रंट एंडचा) नकाशा तयार.

मला त्यातली एक जागा फार आवडते. कॉलेजात शिकवतात की आधी पार्सिंग पुरं होतं, झाड तयार होतं, आणि मग अर्थ तपासला जातो. प्रत्यक्षात इथे पार्सर 'एकूण' या शब्दापाशी पोचला की लगेच, रिटर्नचं वाक्य पुरं व्हायच्याही आधी, सेमाला विचारतो. 'अॅक्ट-ऑन'ने सुरू होणारी फंक्शनं म्हणजे दोघांमधली वेस. ती ओळखता आली की कुठला बग पार्सरचा आणि कुठला सेमाचा, हे नुसत्या नावांवरून कळायला लागतं. (परीक्षेत मात्र पुस्तकातलीच आकृती काढा. मार्क तिलाच मिळतात.)

ऑप्टिमायझरमध्ये ही युक्ती चालत नाही. तो ओरडत नाही, गुपचूप बदल करून मोकळा होतो. तिथे ऑप्टला (ऑप्टिमायझर वेगळा चालवणाऱ्या कमांडला) 'प्रिंट-चेंज्ड=क्वाएट' द्यायचं. ज्या पासने (ऑप्टिमायझरच्या एका फेरीने) आयआर (कंपायलरची मधली भाषा) बदलला त्याचंच नाव आणि नवा आयआर समोर येतो. आठने गुणाकार लिहून बघ. इन्स्टकंबाइन हा पास त्याचा तीन बिटांचा डावा शिफ्ट करतो. मग त्याच्या फोल्डरमध्ये जाऊन व्हिजिट-मल उघड. फंक्शन लांबलचक आहे, पण बहुतेक नियमांवर छोटी कॉमेंट आहे, त्यामुळे आपला नियम शोधायला वेळ लागत नाही.