भरती चढताना चिखलावर

खाडीकाठी पक्षी बघायला निघताना मी घड्याळाआधी भरतीचं वेळापत्रक बघतो. ओहोटीला चिखल दूरवर उघडा पडतो, पक्षी पाण्याच्या कडेला पांगतात आणि दुर्बिणीत नुसते ठिपके उरतात. पूर्ण भरतीच्या अडीचेक तास आधी ऊन पाठीशी घेऊन काठावर बसलं की चढतं पाणीच त्यांना आपल्याकडे ढकलतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात चिखल लवकर बुडतो आणि थवे उठून भलतीकडे जातात. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी चढणाऱ्या भरतीला पाणी पुरेसं जवळ येत नाही. मधले दिवस बरे. कालची वेळ आज चालत नाही, भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते.

सगळ्यात आधी जवळ येतात ते तुतवार, म्हणजे सँडपायपर. शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चाललेली असते. चोच मिटलेलीच चिखलात शिरते आणि आत गेल्यावर वरच्या चोचीचं फक्त टोक उचललं जातं. त्या टोकाशी बारीक खळग्यांत दाब जाणणाऱ्या पेशी असतात, म्हणून किडा दिसायची गरज पडत नाही.

रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, मागे उथळ पाण्यात. डोकं उलटं करून जिभेने पाणी आत ओढायचं आणि चोचीच्या कडेच्या जाळीतून गाळून बाहेर टाकायचं, असा त्यांचा उद्योग. कळपात राखाडी पक्षी दिसले तर ते आजारी नव्हेत, पिल्लं आहेत. गुलाबी रंग शेवाळ आणि कोळंबीवर्गीय जीवांतल्या रंगद्रव्यातून यायला दोन-तीन वर्षं लागतात. पायाच्या मधोमध मागे वाकतो तो गुडघा नाही, घोटा आहे. गुडघा वर पिसांत दडलेला असतो.

पण माझी नजर शोधते ती पट्टेरी शेपटीच्या गॉडविटला. लांब, किंचित वर वळलेली चोच. मादीची नरापेक्षा लांब, त्यामुळे ती जास्त खोल पाण्यात चरते. याच जातीच्या जेमतेम पाच महिन्यांच्या पिल्लाने 2022 च्या ऑक्टोबरमध्ये अलास्का ते टास्मानिया हे 13,560 किलोमीटर अंतर 11 दिवसांत, कुठेही न उतरता कापलं. पाठीवरच्या उपग्रह-ट्रान्समीटरमुळे हे कळलं. निघण्याआधी अंगावर इतकी चरबी चढते की वजनाचा अर्ध्याहून जास्त भाग तीच होते, आणि जठर-आतडी आक्रसतात. उडताना पचनाचं ओझं कशाला!

दूरदर्शक 60 पटीवर नेण्याचा मोह सगळ्यांना होतो. ऊन तापलं की चिखलावरची हवा थरथरते आणि चित्र विरघळतं. मग 25-30 पट पुरे. थवा चरणं थांबवून माना उंचावतो तेव्हा आपण फार जवळ गेलेलो असतो. तिथेच बसायचं किंवा हळूच मागे सरकायचं. थवा उठला की साठवलेली थोडी चरबी खर्ची पडते, आणि भरतीला टेकायला कोरडी जागा आधीच कमी असते.