लातूरच्या प्रचारात परराष्ट्र धोरण

२०२४ च्या लोकसभेला लातूरचं मतदान ७ मे रोजी होतं. त्या प्रचारात एका अपक्ष उमेदवारासाठी मी परराष्ट्र धोरणाचं काम केलं, बिनपगारी. युद्ध टाळणं हे खासदाराचंही काम आहे असं मी मानतो. आंतरराष्ट्रीय शांतता वाढवण्याचा प्रयत्न सरकारनं करावा, असं मार्गदर्शक तत्त्व घटनेच्या कलम ५१ मध्ये आहे, आणि परराष्ट्र खात्याला कोणताही खासदार संसदेत प्रश्न विचारू शकतो.

कार्यालयात मात्र आधी बूथच्या याद्या हातात आल्या. त्या कामात माणसं ओळखीची झाली, मग परराष्ट्र धोरणावरचं माझं टिपण वाचलं गेलं. उमेदवार म्हणाले, "सर, हे सगळं खरं आहे, पण निलंग्याच्या सभेत यातलं काय बोलू?"

मग मी टिपण बाजूला ठेवून खतापासून सुरुवात केली. आपल्याकडे पोटॅश जवळजवळ सगळं बाहेरून येतं, त्यात रशिया आणि बेलारूस मोठे पुरवठादार. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि त्या वर्षी पोटॅशची गोणी १,७०० रुपयांपर्यंत गेली. हे सांगितलं की लोक खुर्ची पुढं ओढून बसायचे.

पण उदगीर तालुक्यातल्या एका बैठकीत एका शेतकऱ्यानं मला अडवलं. "तुम्ही शांतता सांगायलात, पण ती लढाई लागली तवाच माझं सोयाबीन सात हजाराच्या वर गेलं होतं की!" बैठक शांत झाली. त्यांचं म्हणणं खरं होतं. सूर्यफुलाचं तेल युक्रेनमधून यायचं थांबलं, म्हणून सोयाबीन चढलं होतं. मी ते मान्य केलं आणि पुढचं सांगितलं: त्याच वर्षी, २०२२ च्या मे महिन्यात, केंद्रानं दोन वर्षांसाठी दरवर्षी २० लाख टन कच्चं सोयाबीन तेल आणि तेवढंच सूर्यफूल तेल आयात शुल्काशिवाय येऊ दिलं. खत महाग घेऊन पेरलेलं पीक बाजारात येईपर्यंत तो भाव उरला नव्हता. प्रचार चालू होता तेव्हा तर हमीभाव ४,६०० असून मोंढ्यात त्याच्या खालीही सौदे होत होते. ते म्हणाले, "हे सभेत सांगा." पुढच्या सभांत उमेदवारांनी ते सांगितलंही.

खरी ओढाताण झाली पत्रकावरून. पाकिस्तानशी संवाद चालू ठेवावा, हे एक वाक्य मला त्यात हवं होतं. कार्यालयातल्या दोघांना ते काढून त्या जागी जवानाचा फोटो टाकायचा होता. सैनिकांचे फोटो प्रचारात वापरू नयेत, अशी निवडणूक आयोगाची स्पष्ट सूचना आहे, त्यामुळं फोटोचा विषय तिथंच संपला. वाक्याचा संपला नाही. विरोधक आपल्याला देशद्रोही ठरवतील, ही त्यांची भीती खोटी नव्हती. मी एवढंच दाखवलं की १९९२ पासून दरवर्षी १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात, कारगिलच्या वर्षानंतरही ते थांबलं नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये दोन्ही सैन्यांनी ताबारेषेवर गोळीबार थांबवायचं ठरवलं, तेही बोलूनच. तिथं आपल्याच भागातली पोरं उभी असतात. शेवटी तिथं बसलेले एक निवृत्त सुभेदार म्हणाले, "वाक्य राहू द्या. गोळीबार बंद असला की घरच्यांना झोप लागते." वाक्य राहिलं. मुद्रक-प्रकाशकाच्या नावासह पत्रक छापून झालं आणि त्याचा खर्च उमेदवाराच्या हिशेबात लागला.

एप्रिलच्या मध्यात इराणनं इस्रायलवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं सोडली. दुसऱ्या दिवसापासून डिझेलचं काय होणार, आखातात गेलेल्या पोरांचं काय होणार, हे प्रश्न लोक आपणहून विचारू लागले. आता मला विषय काढावा लागत नव्हता.

आमचे उमेदवार हरले. ज्यांना हे काम करायचं आहे त्यांना माझं सांगणं आहे, अर्ज भरायच्या आधीच जा, कारण नंतर उमेदवाराला बसून ऐकायला वेळ नसतो. खत आणि खाद्यतेलाच्या आयातीवरचे प्रश्न मी लिहून ठेवले आहेत. ते निवडून आलेल्या खासदारांकडं द्यायचे आहेत, पक्ष कोणताही असो.