पेडलची पिन मागून काढता आली पाहिजे

सायकलचं फ्लॅट पेडल, म्हणजे पाय न अडकवता नुसता टेकवायचं सपाट पेडल, हातात आलं की मी आधी ते उलटं करून पिना बघतो. रंग, वजन, कंपनी हे सगळं नंतर. पिन वरून बसवली आहे की मागून, एलन की कुठल्या बाजूने लागते आणि ती मोडली तर तशीच दुसरी नागपुरात मिळेल का, एवढ्यावर माझा निम्मा निर्णय होऊन जातो. हिंगणा एमआयडीसीत टूल रूममध्ये नोकरी असल्यामुळे माझा दिवस आट्यांत आणि बेअरिंगांतच जातो, म्हणून नजर आपोआप तिकडे वळते. पण कारण त्याहून मोठं आहे. डाउनहिलला, म्हणजे डोंगरउतारावरून सायकल खाली आणताना, आपण सीटवर बसत नाही. सगळं वजन दोन पेडलांवर असतं आणि बूट तिथे धरून ठेवतात त्या चार-पाच मिलिमीटर उंचीच्या पिना.

यंदा भाच्याने हार्डटेल घेतली, म्हणजे फक्त पुढे शॉक असलेली डोंगरी सायकल. सायकलसोबत आलेली गुळगुळीत प्लास्टिकची पेडलं तशीच ठेवून तो पोरांबरोबर उतारावर गेला आणि पहिल्याच दगडी पायरीवर त्याचा पाय सुटला. घरी येऊन म्हणतो, "मामा, पाय घट्टच तं ठेवला होता, मंग सुटला काहून?" त्याला तोंडी सांगितलं, मग त्याचे मित्रही तेच विचारायला लागले, म्हणून इथे लिहून काढतो.

आधी आपली जमीन. नागपूर दोन वेगळ्या खडकांच्या सीमेवर आहे. पश्चिमेला दख्खनचा काळा बेसॉल्ट, पूर्वेला आणि उत्तरेला त्याहून कितीतरी जुने खडक. अमरावती रोडने बाजारगाव-कोंढाळीकडे निघालं की टेकड्यांवर काळे सुटे दगड आणि त्यांच्यावर मुरमाची पातळ पसरण. रामटेक-मनसरकडे दगडात अभ्रक चमकतं, पापुद्रे सुटतात. परदेशी व्हिडिओत दिसते तशी भुसभुशीत, ओलसर जंगलमाती आपल्या नशिबी फार थोडी. आपल्याकडे सायकल ढकलत वर न्यायची, दोन-तीन मिनिटांत खाली यायचं, आणि त्या वेळात पेडल दगडाला लागणार हे धरूनच चालायचं. मोठा उतार हवा तर चिखलदरा किंवा पचमढी, आणि तिथेही दगडच. (वनविभागाची हद्द कुठून सुरू होते ते आधी विचारून घ्या. चिखलदऱ्याला लागूनच मेळघाट आहे.)

म्हणून पिनेचा प्रकार मला इतका महत्त्वाचा वाटतो. एक प्रकार म्हणजे वरून फिरवलेला ग्रब स्क्रू, बिनडोक्याचा. त्याच्या वरच्या तोंडातच एलन कीचं षटकोनी भोक असतं. भोकाची कड धारदार असल्यामुळे पकड उत्तम मिळते, यात वाद नाही. पण काळ्या दगडावर एकदा जोरात घासला की ते भोक चेपतं, एलन की आत जात नाही आणि शेवटी ड्रिल लावावं लागतं. दुसरा प्रकार मागून घातलेल्या पिनेचा. डोकं खालच्या बाजूला खोबणीत दडलेलं, टोक वर. टोकाचं काहीही झालं तरी डोकं शाबूत राहतं आणि पिन मागे फिरवून काढता येते. टोक दगडावर आपटून पसरलं असेल तर आधी कानशीने घासून घ्या, नाहीतर निघताना ते बॉडीचे आटे खरवडत येईल. हे काम पाच मिनिटांचं आहे, पण गेलेले आटे परत येत नाहीत.

बऱ्याच पेडलांना एम४चे, म्हणजे ४ मिलिमीटर व्यासाचे आटे असतात, ०.७ पिचचे (दोन आट्यांत ०.७ मिलिमीटर अंतर). तसं असेल तर इतवारीत लोहा ओळीत जा, सोबत जुनी पिन घेऊन जा, आणि लांबी जुळवून मूठभर घेऊन या. कंपनीच्या सुट्या पिनांचं पाकीट मागवून पार्सलची वाट बघण्यापेक्षा हे मला फार पटतं. फक्त एक सांभाळा: मिळेल तितकी कडक पिन घ्यायची असं करू नका. दगडावर आदळल्यावर पिन वाकली किंवा तुटली तर बिघडलं काही नाही, तिचं कामच ते आहे. पिन शाबूत राहून बॉडीचे आटे फाटले तर मात्र पेडल गेलं. ॲल्युमिनियमच्या बॉडीत मी पिनेला निळं लॉकटाइट, म्हणजे आटे सैल होऊ न देणारं रसायन, थेंबभर लावतो. नायलॉनच्या बॉडीत लावत नाही, ते रसायन प्लास्टिकच्या जवळ न्यायचं नसतं.

पिना किती आहेत यापेक्षा कुठे आहेत ते बघा. पकड खरी देतात त्या पुढच्या आणि मागच्या कडेच्या पिना. मध्ये दाटीवाटीने लावलेल्या पिना उलट बूट उचलून धरतात आणि कडेच्या पिनांना तळव्यात रुतू देत नाहीत. म्हणूनच चांगलं पेडल मध्ये किंचित खोलगट असतं. दुकानात मी स्टीलची पट्टी पुढून मागे आडवी ठेवतो आणि खालून उजेड किती दिसतो ते बघतो. उजेड दिसला तर पाय त्या खोलगट जागेत बसणार. पट्टी मधल्या फुगवट्यावर डुगडुगली तर ते पेडल मी परत ठेवतो, मग त्याची जाहिरात कितीही चांगली असो. फार पातळ पेडलांत हे पुष्कळदा होतं, कारण बॉडी पातळ केली तरी धुरा (ज्यावर पेडल फिरतं तो दांडा) मधूनच जातो आणि त्याचा उंचवटा वर येतो.

पातळ पेडलाचे फायदे खरे आहेत. जमिनीपासून अंतर वाढतं, दगडाला लागण्याची शक्यता कमी होते, आणि पाय धुऱ्याच्या जवळ आल्यामुळे पेडल पायाखाली उलटं फिरायला बघत नाही. पण पातळपणासाठी बेअरिंग लहान करावं लागतं. डीएमआर कंपनीचं व्हॉल्ट पेडल १७ मिलिमीटर जाड आहे, १०५ बाय १०५ मिलिमीटरचं, आणि आजच्या मानाने ते जाडच म्हणावं लागेल. तरी त्याचा खोलगटपणा आणि आतली रचना बघून माझ्या सायकलवर मी तेच लावलं आहे. दगडाला ते जास्त लागतं, हे मला मान्य आहे. पुढची कड उतरती असली की आपटल्यावर पेडल अडकत नाही, सरकून जातं, तेव्हा कडेवरून बोट फिरवून बघा.

ॲल्युमिनियम की नायलॉन, यावर पोरं फार भांडतात. माझं मत असं की पहिलं पेडल नायलॉनचंच घ्यावं. काचतंतू मिसळलेलं नायलॉन दगडावरून घसरतं, ॲल्युमिनियम दगडाला धरतं. वजनात फार फरक नाही, किमतीत भरपूर आहे. रेस फेस कंपनीचं चेस्टर या वर्गातलं नाव असलेलं पेडल, नायलॉनची बॉडी आणि क्रोमोली स्टीलचा धुरा. नायलॉन घेताना एवढंच बघायचं की पिन थेट प्लास्टिकच्या आट्यांत आहे की तिला धातूचा नट दिला आहे. थेट असेल तर पिना बदलण्यात हात हलका ठेवा. ॲल्युमिनियमची बॉडी जास्त वर्षं ताठ राहते आणि आटे गेले तर हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, बसवता येतं, हा तिचा मोठा गुण. टायटॅनियमच्या धुऱ्याचा विचार डाउनहिलसाठी मी करत नाही. थोडं वजन वाचवायला एवढे पैसे, आणि वर काही कंपन्या चालवणाऱ्याच्या वजनाची मर्यादा लिहून देतात.

धुऱ्याबद्दल थोडं सविस्तर, कारण तो तुटला तर घोटा जातो. पेडलचा धुरा भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखा असतो. एक टोक क्रँकमध्ये (पेडल ज्या दांड्याला बसतं त्यात) पक्कं, दुसरं मोकळं, आणि वजन मोकळ्या भागावर. सगळ्यात जास्त ताण क्रँकजवळ येतो. तिथे धुऱ्याची जाडी जिथे बदलते तो खांदा बघा. खांद्याला गोलाई दिलेली असेल तर ताण पसरतो. कोपरा काटकोनात, धारदार काढला असेल तर भेग तिथूनच निघणार. ही गोलाई कुठल्याच जाहिरातीत लिहिलेली नसते, पण पेडल उघडल्यावर नखाने कळते. ताण क्रँकजवळ जास्त म्हणून आतल्या बाजूला काय बसवलं आहे हेही महत्त्वाचं. पुष्कळ पेडलांत आतल्या बाजूला छर्रे नसलेला नुसता बुश, म्हणजे गुळगुळीत नळी, असते आणि बाहेरच्या टोकाला सीलबंद बेअरिंग. बुश वाईट नाही, भार पसरून घेतो, पण मुरमाची धूळ शिरली की झिजतो आणि पेडल हलायला लागतं. बुश पुन्हा मिळणार असेल तरच असं पेडल घ्यावं.

बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. तो ६८८ सारखा सरळ नंबर असेल, म्हणजे आतलं भोक ८ आणि बाहेरचा व्यास १६ मिलिमीटर, तर कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात विचारता येतं. मागताना २आरएस मागा, दोन्ही बाजूंना रबरी सील. झेडझेडला पत्र्याचं झाकण असतं, आपल्या धुळीला ते पुरत नाही. शिमानोची फ्लॅट पेडलं वेगळ्या घराण्यातली. त्यांत सुटे छर्रे आणि त्यांना धरणारे कोन (निमुळते नट) असतात, जुन्या सायकलींसारखे. छर्रे धुऊन, ग्रीस भरून, कोन नीट आवळला तर ती वर्षानुवर्षं चालतात, आणि हे काम आपल्या गल्लीतला जुना मिस्त्रीसुद्धा डोळे मिटून करतो.

दुकानात पेडल बोटाने फिरवून "किती वेळ फिरतं बघ" म्हणतात. डाउनहिलला मला भिंगरी नको असते. उडीत पाय क्षणभर सुटला तर पेडल होतं तिथेच राहावं, म्हणजे परत तेच सापडतं. सील नवे असताना थोडं जड फिरणारं पेडल चांगलंच समजा.

बूट हा दुसरा निम्मा भाग. जॉगिंगच्या बुटाचा तळ फोमचा, वळणारा आणि खोल खाचांचा. पिनेला त्यात धरायला काही नसतं. सपाट, ताठ तळ आणि मऊ, चिकट रबर लागतं. फाइव्ह टेन या बूट कंपनीचं स्टेल्थ रबर यासाठीच ओळखलं जातं. २०११ मध्ये ती कंपनी आदिदासने घेतली. बजेट एकाच गोष्टीपुरतं असेल तर स्वस्त नायलॉन पेडल आणि चांगला बूट घ्या, उलटं करू नका. आणि नडगीला पॅड. धारदार पिन नडगीवर आली की टाके पडतात.

पाय अडकवणारी क्लिपची पेडलं वेगवान असतात म्हणून शर्यतीत बहुतेक जण तीच वापरतात, हे बरोबर आहे. पण ऑस्ट्रेलियाच्या सॅम हिलने २००७, २००९ आणि २०१० ची डाउनहिल जागतिक विजेतेपदं फ्लॅट पेडलवर जिंकली, आणि नंतर २०१७ ते २०१९ सलग तीन वर्षं एंड्युरो वर्ल्ड सिरीज ही डोंगरी सायकलींची शर्यतमालाही. फ्लॅटवर वेग येत नाही, असं कुणी सांगितलं तर मी हे नाव पुढे करतो. शिकणाऱ्याला तर फ्लॅटच हवं, कारण त्यावर चुकीचं तंत्र लपत नाही. भाच्याचा पाय सुटला त्यात गुळगुळीत पेडल निम्मं दोषी, निम्मी त्याची टाच. तो बोटांवर उभा होता. टाच खाली सोडली की दगडाचा धक्का पायाला पेडलवर दाबतो. टाच वर असली की तोच धक्का पायाला वर उडवतो. पेडलचा धुरा चवड्याच्या किंचित मागे येईल असा पाय ठेवायचा, गुडघे मऊ.

त्याच्यासाठी शेवटी नायलॉनचं पेडल घेतलं, मागून घातलेल्या पिनांचं, नटवालं. पुढच्या पिना पूर्ण उंच ठेवल्या, मागच्या दोघींखाली वॉशर टाकून जरा बुटक्या केल्या, कारण पाय हलवून जागा शोधायची त्याला अजून गरज पडते. सवय झाली की वॉशर काढू.

पावसाळ्यात आपली काळी माती पिनांमध्ये भरून बसते, तेव्हा मोठी भोकं असलेली उघडी बॉडी बरी. घरी आल्यावर पाण्याची जोरदार पिचकारी सीलवर मारू नका, ब्रशने काढा. बसवताना आट्यांना ग्रीस लावा, आणि लक्षात ठेवा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पाना धुऱ्यावर वर उभा धरून पुढच्या चाकाच्या दिशेने फिरवला की दोन्ही पेडलं आवळली जातात. पहिल्या उतारानंतर दोन्ही एकदा परत आवळून घ्या. सैल पेडलवर एक राईड केली तरी क्रँकचे आटे जातात. मग क्रँकमध्ये आतून ९/१६ इंचाचे आटे असलेला बुश बसवावा लागतो. तो आमच्याकडे टूल रूममध्ये बसवता येतो, पण तोवर सायकल घरीच राहील.