दोरी ओढून खांदा गेला, मशीन काही चालू होईना

आमची फायबरची छोटी होडी, आणि तिला वडिलांच्या वेळचं ९.९ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे अडकवायचं मशीन. देवबागला कर्ली खाडीत गरवायला जायचं, एवढंच तिचं काम. मे अखेरीस मशीन उतरवून पडवीत लाकडी घोड्यावर अडकवलं आणि ताडपत्री टाकली. काढलं ते थेट गणपती पाण्यात गेल्यावर.

पिंपात पाणी भरलं, मशीन त्यात सोडलं, चोक ओढून दोरी खेचायला लागलो. पंधरा, वीस, तीस वेळा. साधी फुसफुसही नाही. मग दिसलं, किल-स्विचची लाल दोरीवाली क्लिप, जिच्याशिवाय मशीन चालूच होत नाही, ती भिंतीतल्या खिळ्यालाच लटकतेय! ती लावली. तरी तेच.

शेजारचे काका गडग्यापलीकडून बघत होते. "अरे, हात मोडून घेशीत. आधी प्लग काढून बघ मरे."

त्यांनी आधी पेट्रोलची टाकी लांब न्यायला लावली, मगच प्लगला हात लावू दिला. दोन्ही प्लग जवळजवळ कोरडे. एवढी दोरी ओढल्यावर ते पेट्रोलने ओले असायला हवे होते. प्लग टोपीत घालून आटे इंजिनाच्या लोखंडाला टेकवले, दोरी ओढली. दोन्हीकडे निळी ठिणगी टिचटिच पडली. म्हणजे करंट ठीक, पेट्रोलच पोचत नव्हतं.

"पेट्रोल कधीचा?"

"मे महिन्यातलं. पण टाकी अर्धी भरलेली आहे."

काका नुसते हसले.

कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सोडून आतलं लोणच्याच्या रिकाम्या बरणीत धरलं. थोड्या वेळाने त्यात दोन थर दिसले. वर निळसर पेट्रोल, खाली गढूळ पाणी. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल शोषतं. कोकणातल्या पावसाळ्यात चार महिने टाकी अर्धी रिकामी ठेवली, तर आणखी काय होणार? पाणी फार झालं की ते इथेनॉलला घेऊन तळाला बसतं, आणि मशीन ओढतं तळातूनच. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलातच मिसळलेलं ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. खालच्या त्या पाण्यावर मशीन चाललं असतं तर पिस्टन कोरडाच घासला असता. चालू झालं नाही तेच बरं.

वाटी उघडली तर तळाला पांढरट-हिरवी खरड. पायलट जेट, म्हणजे पेट्रोल जायची बारीक भोकाची नळी, काढून उन्हात धरलं, पलीकडचं काहीच दिसेना. रात्रभर क्लीनरमध्ये बुडवलं, सकाळी वायरमधली तांब्याची एक तार सोलून हळूच फिरवली. सुई घालायचा मोह झाला होता, पण तिने भोक मोठं होतं. पुन्हा आभाळाकडे धरलं, तेव्हा मोहरीहून बारीक उजेडाचा ठिपका दिसला.

टाकी धुतली, ५ लिटर ताज्या पेट्रोलला १०० मिली ऑइल घातलं, रबरी फुगा कडक होईपर्यंत दाबला. तिसऱ्या ओढीला मशीन धडधडलं आणि पडवी निळ्या धुराने भरली. पण बाजूच्या छिद्रातून मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्याची पिचकारी येईना. झटकन बंद केलं. गेला इम्पेलर, पाणी खेचणारा तो रबरी पंखा, मनात खर्चाचा आकडाही मांडून झाला.

काकांनी तीच तांब्याची तार पीळ घालून त्या छिद्रात खुपसली. लाल मातीचा भुगा गळला. कुंभारमाशीने पावसाळ्यात तिथे घर बांधलं होतं.

पुन्हा दोरी ओढली. पिचकारी सुटली ती थेट काकांच्या लुंगीवर.