सायलेंट व्हॅली: पायी फिरायच्या आशेने जाऊ नका

केरळमधल्या सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यानाच्या गाभ्यात मनसोक्त ट्रेक करता येतो असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल, तर तो माणूस तिथे गेलेला नाही. आम्हाला असं सांगणारे बरेच भेटले. त्यातला एक तर पैसे घेऊन सांगत होता, त्याच्याबद्दल पुढे.

सामान्य पर्यटकाला मिळतं ते एवढंच: मुक्कालीच्या वनखात्याच्या चौकीवरून ठरलेल्या जीपने २३ किलोमीटर आत सैरंध्रीपर्यंत, तिथे निरीक्षण मनोरा, तिथून कुंतीपुळा नदीच्या दिशेने दीडेक किलोमीटर उतरणारी पायवाट, आणि आलात तसे परत. सोबत वाटाड्या असतो. स्वतःची गाडी आत नेता येत नाही, पायवाट सोडता येत नाही, गाभ्यात मुक्काम नाही. राजगड-तोरणा एका दमात करणाऱ्यांनी ही यादी दोनदा वाचावी आणि मगच रेल्वेचं तिकीट काढावं. आमच्या सॅकमध्ये दोर, स्टोव्ह, तंबू असा सगळा संसार होता. तो लॉजवरच राहिला.

आता त्या २३ किलोमीटरबद्दल, कारण याबद्दल कुणीच नीट लिहीत नाही. याला रस्ता म्हणणं हा रस्त्यांचा अपमान आहे. सुरुवातीचा भाग बरा, म्हणून माणूस गाफील राहतो. पुढे दगड, खड्डे, ओढ्यांनी कापलेले उतार. जायला दोन तासांच्या आसपास, यायलाही तेवढेच. जीपच्या मागच्या भागात समोरासमोर आडवी बाकडी असतात, त्यावर बसलेल्याला जंगल दिसत नाही, समोरच्याचे गुडघे दिसतात. कमरेचं दुखणं असेल तर जाऊ नका, सरळ सांगतो. गाडी लागणाऱ्यांनी गोळी मुक्कालीतच घ्यावी आणि नाश्ता बेताचा करावा. ड्रायव्हरशेजारची जागा मिळवण्यासाठी जे करावं लागेल ते करा. परतताना जागा बदलायच्या, हे निघण्याआधीच ठरवून घ्या. आमच्यात ते ठरलं नव्हतं आणि येताना त्यावरून चांगलीच जुंपली.

वळणावर वाटाडे काही दाखवण्यासाठी जीप थांबवतात. प्रत्येक थांब्याला उतरा, काही दिसो न दिसो. निदान पाठ तरी सरळ होते.

आता पैसे. मुक्कालीच्या अलीकडच्या मण्णारकाड गावात लॉजवर एक गृहस्थ भेटले. उद्याचे परमिट संपलेत, माझ्याकडे ‘स्पेशल’ आहे, माणशी बाराशे, त्यात आतला ट्रेकही, असा त्यांचा प्रस्ताव. आमच्यातल्या एकाने निम्मी रक्कम देऊनही टाकली. दुसऱ्या दिवशी मुक्कालीच्या खिडकीवर कळलं की परमिट भरपूर शिल्लक आहेत आणि ‘स्पेशल’ असा काही प्रकारच नाही. आम्ही गेलो तेव्हा भाडं अख्ख्या जीपचं होतं, प्रवेश आणि कॅमेऱ्याचे पैसे वेगळे, आणि सगळे दर खिडकीशेजारच्या फलकावर लिहिलेले. फलक वाचा, पैसे खिडकीवरच द्या, पावती घ्या. जीप भरायला माणसं कमी असतील तर तिथेच दुसरे कुणी सापडतात, आम्हाला कोइंबतूरचं एक जोडपं मिळालं. आदल्या दिवशी कार्यालयात फोन करून जागा धरा आणि सकाळी आठच्या सुमाराला हजर राहा. दुपारी एकनंतर आत सोडत नाहीत. जोरदार पावसात किंवा वणव्याच्या दिवसांत प्रवेश बंदही करतात, तेही फोनवरच विचारून घ्या.

एवढी कुरकुर करूनही सैरंध्रीला उतरल्यावर मी पाच मिनिटं काही बोललो नाही. मनोरा सुमारे शंभर फुटी, पोलादी, वारा सुटला की जाणवेल इतका हलणारा. उंचीची भीती असेल तर अर्ध्यावर थांबा, तिथूनही पुरेसं दिसतं. वरून चहूकडे फक्त झाडांचे शेंडे, आणि मधून नदीची घळ. ज्या घळीकडे आपण बघत असतो तिथेच धरण होणार होतं. १९७३ मध्ये नियोजन आयोगाने १२० मेगावॅटच्या जलविद्युत प्रकल्पाला हिरवा कंदील दाखवला होता, ८३० हेक्टर जंगल पाण्याखाली जाणार होतं. लोकांपर्यंत विज्ञान नेणाऱ्या केरळ शास्त्र साहित्य परिषद या संघटनेने गावोगाव विरोध उभा केला, सुगतकुमारींसारख्या कवींनी कविता लिहिल्या, सलीम अलींनी आवाज उठवला. १९८३ मध्ये प्रकल्प बारगळला, १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं आणि १९८५ मध्ये राजीव गांधींनी त्याचं उद्घाटन केलं. हे सगळं निघण्याआधी वाचून जा. नाहीतर वर उभं राहून ‘हिरवंगार आहे’ एवढंच म्हणाल आणि पैसे वाया गेले असं वाटेल.

पायवाट छोटी आहे, पण खरं जंगल तिथेच भेटतं. फळ्यांसारखी पसरलेली मुळं, त्यावर शेवाळ, पडलेलं झाड पडल्या जागी कुजतंय आणि त्यातूनच नवी रोपं वर आलेली. क्युलेनिया नावाच्या झाडाच्या फांद्यांना थेट चिकटलेली काटेरी फळं वाटाड्याने दाखवली. सिंहपुच्छ वानरांचं हे आवडतं खाणं, म्हणून टोळ्या याच झाडांवर शोधायच्या. आम्हाला टोळी दिसली, काळी अंगं आणि करडी आयाळ, खूप वर, जेमतेम मिनिटभर. मोबाइलने काढलेल्या फोटोत काळा ठिपका आलाय. दुर्बीण नसेल तर इथे येण्यात निम्मा अर्थ नाही. वाघ-हत्तीची आशा धरून येणाऱ्यांनी दुसरीकडे जावं, इतक्या दाट झाडीत दहा फुटांवरचंही दिसत नाही. शेकरू मात्र दिसतं, शीळकरी कस्तूर हा पक्षी ऐकू येतो, आणि जीपमधले लोक गप्प बसले तर धनेशाच्या पंखांचा आवाजही.

नदीच्या काठापर्यंत जाऊ देतीलच याची खात्री नाही. आम्हाला अलीकडेच थांबवलं. हुज्जत घालण्यात अर्थ नाही, वाटाड्याच्या हातात काही नसतं. आणि खरं सांगायचं तर मला ते पटलं. आपल्याकडच्या किल्ल्यांवर पावसाळी रविवारी काय होतं ते पाहिलेल्या माणसाने इथे तक्रार करू नये.

जळवा. वासोट्याला पावसाळ्यात गेलेल्यांना वेगळं सांगायला नको, बाकीच्यांनी ऐका. गुडघ्यापर्यंतचे जळूमोजे घाला, बुटांवर तंबाखूचं पाणी मारा. चिकटलीच तर ओढू नका, नखाने कडेने सरकवून काढा. डिसेंबर ते फेब्रुवारीत त्रास बराच कमी. प्लास्टिक आत नेऊ नका, तपासतात.

पालक्काडचा किल्ला आणि मलमपुळा धरणही पाहिलं. छान होतं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

कसं जायचं: कोकण रेल्वेने शोरनूर, तिथून मण्णारकाड, पुढे अट्टप्पाडीच्या घाटातून मुक्काली सुमारे २० किलोमीटर. मुक्काम शक्यतो मुक्कालीत किंवा आसपासच करा, म्हणजे सकाळची धावपळ आणि लॉजवरचे ते गृहस्थ दोन्ही टळतात. परतीला मण्णारकाडला माघारी जायची गरज नाही. मुक्कालीहून आनक्कट्टीची बस घ्या, सीमा ओलांडली की तामिळनाडूची बस कोइंबतूरला सोडते. जीपमधून उतरल्यावर लगेच बसमध्ये बसू नका, आधी तासभर कुठेतरी आडवे पडा.