आमची वाटचाल : उन्हाळ्याचं पाणी वाचता वाचता

पुण्यात आमच्या ऑफिसात शिरलं की समोर लोखंडी रॅक दिसतं. त्यावर अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटल्या रांगेत उभ्या आहेत. प्रत्येकीवर मार्करने गाव, तारीख, वेळ, तापमान आणि सामू (पीएच) लिहिलेला आहे. पहिल्या बाटलीवरची शाई आता पुसट झाली आहे, पण 'तुरळ' एवढं अजून वाचता येतं. नवीन पार्टी आली की आम्ही आधी या रॅकसमोर उभं करतो. आमचं काम जमिनीखालचं पाणी, विशेषतः गरम झऱ्यांचं, तपासायचं. ते कसं, हे ब्रोशरपेक्षा त्या बाटल्याच नीट सांगतात.

माझं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं. तिकडे गरम पाण्याच्या झऱ्याला उन्हाळं म्हणतात. उन्हवरे, राजापूरजवळचं उन्हाळे, पालीजवळचं उन्हेरे ही गावांची नावंसुद्धा त्यावरूनच आली. उत्तरेला तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, आणि तिथून खाली राजापूरपर्यंत साधारण साडेतीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात ही उन्हाळी विखुरलेली आहेत. राजवाडीच्या सोमेश्वराला गेलं की आजी कुंडाच्या काठावर गुडघे शेकत बसायची. मी भूगर्भशास्त्राला गेले त्याचं मूळ तिथे आहे.

धंदा मात्र गरम पाण्याने सुरू झाला नाही. २००८ साली मी आणि माझी कॉलेजची मैत्रीण, आम्ही दोघींनी सेकंडहँड रेझिस्टिव्हिटी मीटर (जमीन विजेला किती अडवते ते मोजणारं यंत्र) घेतलं आणि शेतकऱ्यांना बोअरचे पॉइंट काढून द्यायला लागलो. ज्या रानात पाणाड्या नारळ घेऊन फिरून गेलेला असायचा, त्याच रानात आम्ही सळ्या ठोकायचो. चार वर्षं त्यावरच घर चाललं. त्या कामाने एक गोष्ट अंगात भिनली. आमच्या एका शब्दावर समोरचा माणूस कर्ज काढून खड्डा मारतो, म्हणून तो शब्द तोलून द्यायचा.

मग कोकणातली एक पार्टी आली. त्यांचा प्लॉट एका कुंडापासून अर्ध्या किलोमीटरवर होता आणि त्यांना तिथे गरम पाण्याचं रिसॉर्ट काढायचं होतं. "कुंडात येतंय म्हणजे आमच्याकडेही बोअर मारला की येणारच ना?" असा त्यांचा प्रश्न होता. हाच प्रश्न पुढे आम्हाला शंभर वेळा ऐकायला मिळाला, म्हणून त्याचं उत्तर इथे सविस्तर देते.

कोकणाखाली ज्वालामुखी धुमसत नाहीये. आपला काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तो केव्हाच गार झाला. हे पाणी मुळात पावसाचं आहे. त्यातल्या ऑक्सिजन-हायड्रोजनची समस्थानिकं (त्यांचेच हलके-जड अणू) तपासली की ते कळतं. क्लोराइड मात्र भरपूर असतं, आणि किनाऱ्याजवळ त्यात समुद्राचाही हात असतो. हे पाणी भेगांतून खोल उतरतं, तिथे तापतं आणि एखाद्या चांगल्या उघड्या भेगेतून वर येतं. जमिनीत एक किलोमीटर खाली गेलं की साधारण २५ ते ३० अंश वाढतात. उन्हवऱ्याचं पाणी सत्तरच्या आसपास, आणि आपलं विहिरीचं पाणी २७ अंश. म्हणजे ते निदान दीड किलोमीटर खाली जाऊन आलेलं आहे. वाटेत गार झालेलं धरलं तर आणखी खोल. तेव्हा प्रश्न गावाचा किंवा अंतराचा नाही, ती एक भेग तुमच्या प्लॉटखालून जाते की नाही, एवढाच आहे. भेग पन्नास मीटरवरून निसटली तरी बोअरला साधं पाणी लागतं किंवा कोरडा कातळ.

त्या प्लॉटखालून ती जात नव्हती. आम्ही तसं लिहून दिलं. पार्टी नाराज झाली आणि उरलेले पैसे आले नाहीत. पण तो रिपोर्ट अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, आणि त्यातलं एक वाक्यही मी आज बदलणार नाही.

या कामात लोकांना यंत्रं दिसतात, त्यामुळे 'सोनोग्राफीसारखं खालचं दिसतं का' असं विचारतात. दिसत काहीच नाही, जुळवावं लागतं. बेसाल्टचा थर किती जाड, हेही गावागणिक बदलतं. किल्लारीच्या भूकंपानंतर घेतलेल्या बोअरमध्ये ३३८ मीटरवर बेसाल्ट संपून ग्रॅनाइटी खडक लागला. कोयनेजवळ गोठण्याला तीन किलोमीटर खोल नेलेल्या वैज्ञानिक बोअरमध्ये तो १,२४७ मीटरपर्यंत गेला. आमच्यापैकी एक जण उपग्रहाच्या चित्रावर भेगांच्या रेषा आखतो, दुसरा त्या रानात जाऊन डाइक (भेगांत शिरून गोठलेल्या लाव्ह्याच्या भिंती) आणि कातळातले सांधे मोजतो, तिसरी पाण्याचं रसायन बघते. एप्रिलमध्ये जांभ्याच्या सड्यावर इलेक्ट्रोडला करंट लागत नाही, तेव्हा घागरीने मिठाचं पाणी ओतून, वर ओलं गोणपाट टाकून रीडिंग घ्यावं लागतं. जमिनीतले नैसर्गिक विद्युत-चुंबकीय सिग्नल टिपणारी मॅग्नेटोटेल्युरिकची कॉइल रात्रभर पुरून ठेवतो. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण झाल्यापासून त्या रेषेजवळचे आमचे सगळे जुने पॉइंट हलवावे लागले, इतका तिचा गोंगाट सिग्नलमध्ये उतरतो. आणि या सगळ्यांचं एकमेकांशी जुळलं नाही, तर जुळलं नाही असं लिहितो.

पाण्याचं रसायन हे माझं खातं. खाली जितकं गरम, तितकी खडकातली सिलिका पाण्यात जास्त विरघळते. पाणी भराभर वर आलं तर ते निवलं तरी सिलिका लगेच सुटत नाही. म्हणून कुंडातल्या पाण्याची सिलिका मोजली की खालच्या साठ्याचं तापमान काढता येतं. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांच्या प्रमाणावरूनही काढतात. कोकणच्या पाण्यात या मापांनी साधारण शंभर ते सव्वाशे अंश येतात. सूत्र कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत सुटतं. खरी परीक्षा बाटली भरताना असते, आणि ती मी एकदा नापास झाले.

२०१४चा ऑक्टोबर. एका मोठ्या कंपनीच्या हाताखाली आम्ही लडाखला पुगा खोऱ्यात गेलो होतो. उंची ४,४०० मीटर, पाणी ८५ अंशांच्या आतच उकळतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७०च्या दशकात तिथे ३४ बोअर घेतले, त्या भागात हरितगृह आणि अळिंबी लागवडीचे प्रयोगही झाले. अशा जागी सॅम्पल घ्यायला मिळणं हाच आम्हाला मान वाटत होता. प्रत्येक झऱ्याच्या तीन बाटल्या भरायच्या. एक नुसती गाळलेली, दुसरी गाळून नायट्रिक आम्लाचे थेंब घातलेली, आणि तिसरी सिलिकेसाठी, जागेवरच डिस्टिल्ड वॉटर घालून दहापट पातळ केलेली. शेवटच्या झऱ्याला पोचलो तेव्हा अंधार पडत आला होता, बोटं बधिर झाली होती. आमचा ज्युनियर म्हणाला, "मॅडम, सिलिकेचं डायल्यूशन राहिलंय. लेहला गेल्यावर करू?" मी म्हणाले, "करू."

बाटल्या रात्रभर गाडीत राहिल्या आणि गोठल्या. सकाळी हीटरपुढे ठेवल्यावर पाणी पुन्हा स्वच्छ झालं, फक्त तळाशी पांढरा कण कण साका दिसत होता. मी तो पाहिला आणि कातळाची धूळ समजले. महिन्याने आकडे आले, सिलिका निम्मी. आधी मला लॅबचीच चूक वाटली. मग तो साका आठवला. गोठताना सिलिकेचे रेणू एकमेकांना चिकटले होते, आणि मॉलिब्डेट या रसायनाने रंग आणून मोजायच्या पद्धतीत असली चिकटलेली सिलिका पकडीतच येत नाही. सिलिका निम्मी धरली तर साठ्याचं तापमान ४० अंशांनी खाली येतं. सव्वाशे आणि १६५ यात वीजकेंद्राचा अख्खा निर्णय फिरतो. मी त्या कंपनीला फोन करून कळवलं आणि पुढच्या जूनमध्ये स्वखर्चाने पुन्हा जाऊन बाटल्या भरल्या. त्या वर्षी आम्हा दोघींना पगार निघाला नाही. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, की बाटली पातळ झाल्याशिवाय झरा सोडायचा नाही, रात्र झाली तरी.

विजेबद्दल बोलायला हवं, कारण बहुतेक चौकशा तिथूनच येतात. कोणीतरी वाचलेलं असतं, की अलास्कात चेना इथे २००६ पासून ७४ अंशांच्या पाण्यावर वीज होते, मग आपल्या सत्तरच्या पाण्यावर का नाही? प्रश्न रास्त आहे. पण चेनाला यंत्र थंड करायला चार अंशांचं पाणी मिळतं, आपल्याला अठ्ठावीसचं. वीज पाण्याच्या गरमपणातून नाही, गरम आणि गार यांतल्या फरकातून निघते. शिवाय तिथे एकेका यंत्राला सेकंदाला तीसहून जास्त लिटर गरम पाणी लागतं. समजा आपल्या झऱ्याला सेकंदाला तीन लिटर आहे आणि ते ७० वरून ५० वर उतरवलं, तर उष्णता निघते २५० किलोवॉट, पण त्यातून वीज जेमतेम १०-१२ किलोवॉट, आणि पंप त्यातूनच चालवायचा. तीच २५० किलोवॉट उष्णता उष्णता म्हणूनच वापरली तर? हा हिशेब मी कागदावर मांडून दाखवते, आणि मोठं साहेबी स्वप्न घेऊन आलेली माणसंही थांबून विचार करतात. हिमाचलमधल्या मणिकरणला फार पूर्वीच गरम पाण्यावर साडेसात टनांचं शीतगृह चालवून पाहिलं होतं. तो धागा आपण मधेच सोडून दिला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बचत गटाबरोबर वाळवणाचं काम हाती घेतलं. आमसुलाला रसाची पुटं देऊन पुन्हा पुन्हा वाळवावं लागतं आणि जूनचा पहिला पाऊस आला की अर्धा माल जातो. कुंडातून वाहून जाणारं पाणी हीट एक्स्चेंजरमधून नेलं तर पन्नासेक अंशांची कोरडी हवा मिळते, पावसातही.

त्याआधी गावाची बैठक झाली. देवळाच्या सभामंडपात साठ-सत्तर माणसं होती. एक आजोबा उठले आणि म्हणाले, "बाय, उद्या उन्हाळं आटलं तर तुझा रिपोर्ट आम्ही कुंडात घालायचा का?" मी त्यांना न्यूझीलंडच्या रोटोरुआची हकिगत सांगितली. तिथे घरोघरच्या बोअरनी उपसा वाढला आणि गायझर (उसळणारे गरम पाण्याचे फवारे) मंदावले, तेव्हा १९८६-८७ मध्ये सरकारने पोहुटू गायझरच्या दीड किलोमीटरच्या आतले बोअर बंद करायला लावले आणि मग गायझर सावरू लागले. म्हणजे आजोबांची भीती खरी होती, आणि मी ती खरी आहे असंच म्हणाले. ठरलं असं, की बोअर मारायचा नाही, फक्त कुंडाबाहेर वाहणारं पाणी घ्यायचं, आणि आधी वर्षभर मोजणी करायची. गावातल्या बारावीच्या एका मुलीने बावन्न रविवार वहीत तापमान आणि प्रवाह लिहिला. भर जुलैतल्या पुरातही तिने एक रविवार चुकवला नाही. पावसाळ्यात तापमान उतरतं, ते तिच्या वहीतूनच आम्हाला पहिल्यांदा नीट दिसलं. ती आता पुण्यात भूगर्भशास्त्र शिकते आहे.

ड्रायरची पहिली कॉइल सात महिन्यांत गळली. ३०४ ग्रेडचं स्टील होतं, क्लोराइडने त्याला टाचणीएवढी भोकं पाडली. क्लोराइडचा आकडा आमच्याच रिपोर्टात होता, पण आम्ही तो फॅब्रिकेटरच्या हातात दिला नव्हता. आता रिपोर्टाचं शेवटचं पान कारागिरासाठी असतं, मराठीत आणि मोठ्या अक्षरात.

आज आम्ही सात जण आहोत. बोअरचे पॉइंट अजूनही काढतो, त्याची लाज नाही. २०२५ मध्ये केंद्राचं भूऔष्णिक ऊर्जा धोरण आल्यापासून फोन वाढले आहेत. त्यातल्या निम्म्यांना आम्ही नाही म्हणतो, पण का नाही ते लिहून देतो. खोल बोअरचा खर्च कोटींत जातो, तो वाचवणारा कागद हीदेखील आमची विक्री आहे.

सध्या चिपळूणच्या दक्षिणेला आमचा दोनशे मीटरचा एक ग्रेडियंट बोअर (खोलीगणिक तापमान किती वाढतं ते मोजायचा) झाला आहे. ड्रिलिंगच्या पाण्याने आतला खडक गार पडतो, म्हणून रिग हलली तरी खरं तापमान लगेच मिळत नाही. पार्टी रोज विचारते, रिगवाले काकाही विचारतात, "ताई, किती आलं?" दर शनिवारी माझी भागीदार तापमान मोजणारा प्रोब सोडते, पाच-पाच मीटरवर थांबून आकडा स्थिर होईपर्यंत वाट बघते आणि लिहून घेते. गेल्या दोन शनिवारांत तळाचा आकडा ०.४ अंशाने वाढला आहे. तो वाढायचा थांबला की रिपोर्ट लिहायला घेऊ.